आर्टिचोक लावायचं की नुसतं बघायचं

नंदामावशी: समीर अरे आर्टिचोकचं बी मिळालंय मला, कुंडीत पेरू का? फोटोत एकदम कमळाच्या कळीसारखं दिसतंय

समीरदादा: पेर ना मावशी, पण बियांपासून केलंस तर एक रोप दुसऱ्यासारखं निघेलच असं नाही, एखादं नुसतं काटेरी, एखाद्याला बारक्या कळ्या, म्हणून शेतात लावणारे बरेचदा जुन्या झाडाच्या बुडाशी आलेले फुटवे काढून लावतात. आणि कुंडी मोठ्ठी घे, झाड मीटरभर तरी पसरतं, मग बाकीच्या कुंड्या कुठे ठेवणार ते तू बघ 😄

प्राजू: थांबा, कळी खायची? म्हणजे ते फूल आहे??

समीरदादा: हो गं, न उमललेलं फूल. उमलू दिलं की मस्त निळंजांभळं फूल येतं, मधमाश्या तुटून पडतात, पण खायच्या दृष्टीने संपलं, सगळं चिवट होतं. आणि मावशी खरी गोम थंडीची आहे, रोपाला बरेच दिवस १० डिग्रीच्या खाली गारवा मिळाला की कळी धरते, नाहीतर नुसती पानंच पानं. उन्हाळा कडक असला तर कळ्या पटकन उघडतात. अमेरिकेतलं बहुतेक पीक कॅलिफोर्नियात येतं, कॅस्ट्रोव्हिलच्या बाजूला, कारण समुद्रावरचं गार धुकं असतं तिकडे

अण्णामामा: त्याच कॅलिफोर्नियाच्या मालावरून न्यूयॉर्कमधे राडा झालेला. टेरानोव्हा नावाचा एक माफियावाला सगळा माल स्वतःच उचलायचा आणि वाट्टेल त्या भावाने विकायचा, शेवटी १९३५ च्या डिसेंबरात मेयर ला ग्वार्डियाने आर्टिचोक विकण्यावरच बंदी घातली. भाव खाली आले आणि थोड्याच दिवसांत बंदी उठली

प्राजू: भाजीवर बंदी 😂😂

वहिनी: मामा तुमच्या गोष्टी नंतर, आधी करायचं कसं ते सांगते. वरचा भाग सुरीने उडवायचा, पाकळ्यांची काटेरी टोकं कात्रीने कापायची आणि कापलं की लगेच लिंबू चोळायचं, नाहीतर बघता बघता काळं पडतं. लोखंडाचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, त्यातही रंग जातो. मोठं असेल तर पाऊण तास वाफवायचं, बाहेरची पाकळी ओढल्यावर अलगद सुटून आली की शिजलं समजायचं. मग एकेक पाकळी लोण्यात बुडवून बुडाकडचा तेवढा गर दातांनी ओरबाडून खायचा, बाकीची टाकायची. असं करत आत गेलात की केसाळ लव लागते, ती घशात अडकते म्हणून चमच्याने पूर्ण खरवडून काढायची, आणि तिच्या खाली जो मऊ गोल तळ उरतो ना, सगळी मजा तिथे आहे

अण्णामामा: म्हणजे अर्धं कचऱ्यात

वहिनी: अर्ध्याहून जास्त 🙈

अण्णामामा: मग एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी

समीरदादा: मामा तू बारके घे. बेबी म्हणून विकतात पण ते कोवळे नसतात, त्याच झाडावर खालच्या फांद्यांना येणाऱ्या लहान कळ्या, आत लव धरलेलीच नसते जवळपास. बाहेरच्या चार पाकळ्या काढ, बाकी अख्खं खा

प्राजू: आणि ते खाल्ल्यावर पाणी गोड लागतं म्हणे, खरंय?

समीरदादा: खरंय, सिनारिन नावाचं द्रव्य असतं त्यात. जिभेची गोडाची जाणीव थोडा वेळ दबते आणि पाण्याने ते धुतलं गेलं की एकदम गोड वाटतं. सगळ्यांना नाही लागत हं तसं. वाइनवाले मात्र वैतागतात, सोबत कुठली वाइन द्यायची कळत नाही

नंदामावशी: बरं मी लावते बाबा, कळी आली तर खाऊ, उमलली तर फूल बघू, मला दोन्ही चालेल

वहिनी: मावशी तोवर खायचं असेल तर डब्यातले हार्ट्स, म्हणजे आतला मऊ गाभा, आणा, सोललेले तयार असतात. फक्त खारट पाण्यातले असतील तर आधी नीट धुवा आणि मीठ वरून घालू नका