जुळ्यांतलं एकच लेकरू घरी आलं, तर दुसऱ्याचं सांगायचं की झाकायचं?

परभणीची मावशी:
माझ्या बहिणीनं १९९६ साली मुलगी दत्तक घेतली, अडीच महिन्यांची. संस्थेच्या कागदावर नावाआधी निळ्या शाईत ‘जु. १’ लिहिलेलं होतं. पोर जुलैतली, म्हणून आम्ही १ जुलै समजलो आणि तोच वाढदिवस करत आलो. कागद सत्तावीस वर्षं लोखंडी कपाटात पडून राहिला. मागच्या जानेवारीत स्वीडनमध्ये वाढलेली एक मुलगी आपली मुळं शोधत त्याच संस्थेत आली. तिच्या कागदावर ‘जु. २’. संस्थेनं आमच्या पोरीची संमती विचारली, मग भेट झाली.

दोघींना हुरड्याला शेतात नेलं. आमची पोर आगटीतलं गरम कणीस तळहातावर चोळून दाणे काढत होती. धाकटीनं हातात घेतलं आणि चटका बसून लगेच टाकलं. मोठीनं तिचा तळहात उलटा करून बराच वेळ बघितला. बोलायला भाषा नव्हती. आमच्या पोरीचं इंग्रजी बारावीपुरतं.

माझं म्हणणं, आईचं नाव झाकायचं तर झाका. पण जुळं आहे हे झाकायचा हक्क कुणालाच नाही. लेकरू घेणाऱ्या घराला ते लेखी सांगावं, आणि जुन्या फायली काढूनही कळवावं.

लातूरचा वकील:
मावशी, दुखणं कळतं, तरी मी विरोधात आहे. तालुक्याच्या गावात एका महिन्यात जुळी जन्मतात किती? आणि त्यातली घरी न नेलेली? जुळं म्हटलं की दवाखाना सापडतो, दवाखान्यावरून नर्स, आणि नर्सला घर माहीत असतं. ती बाई आज पन्नाशीला आली असेल, घरात सुना असतील. २०२२च्या दत्तक नियमावलीत मुळं शोधायचा हक्क दत्तक गेलेल्यालाच आहे, तोही जन्मदात्यांची गुप्तता सांभाळून. कुणी मागितलं नसताना फायली उकरल्या तर पहिला घाव त्या बाईवर बसेल.

परभणीची मावशी:
साहेब, त्या बाईचं वाईट व्हावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण मागायचं कसं? जुळी बहीण आहे हेच ठाऊक नसेल तर पोर कुणाकडे काय मागणार? धाकटी आली म्हणून कळलं. नसती आली तर?

जालन्याचा बाप:
माझाही मुलगा दत्तक आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. १९८४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मीकांत पांडे निकालानंतर लेकरू आधी देशात द्यायचं, इथं घर मिळालं नाही तरच बाहेर, असं ठरलं. आणि त्या काळात इथली जोडपी एकच मागायची. दोन लेकरं एकदम नेणारं घर मिळेपर्यंत पोरी पाळण्यातच राहिल्या असत्या, नाहीतर दोघी मिळून स्वीडनला गेल्या असत्या. मग तुमच्या बहिणीची ओटी रिकामी राहिली असती, मावशी. ज्यानं त्या वेगळ्या दिल्या त्याला मी दोष देणार नाही.

परभणीची मावशी:
हेच बहीण त्या रात्री बोलली. ‘मला विचारलं असतं तर मी दोघी घेतल्या असत्या,’ म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘खरंच घेतल्या असत्या का गं?’ दादा, वेगळं केलं याबद्दल मी बोलतच नाही. सांगितलं नाही, याबद्दल बोलतेय.

नांदेडची डॉक्टर:
मावशींशी सहमत. न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात एका दत्तक संस्थेनं जुळी मुद्दाम वेगळ्या घरांत दिली. न्यूबाउअर नावाचे मनोविकारतज्ज्ञ त्या मुलांवर अभ्यास करत राहिले आणि आपलं लेकरू जुळ्यातलं आहे याचा घेणाऱ्या आईबापांना पत्ताच नव्हता. ते कागद येल विद्यापीठात २०६५पर्यंत बंद आहेत. आपल्याकडे असा हेतू नव्हता, मान्य. पण तिथं घरी आलेल्या लेकराला जेवढं माहीत होतं तेवढंच इथल्याला होतं. शिवाय आता लपत नाही. कोरियात बुसानला १९८७ साली जन्मलेल्या दोघी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये वाढल्या. पंचविशीत एकीला दुसरीचा चेहरा व्हिडिओत दिसला. संस्थेनं नीट बसवून सांगितलेलं बरं, की असं अचानक समोर आलेलं?

बीडचा कोयता:
मी स्वतः जुळ्यातला. माय-बाप ऊसतोडीला, सहा महिने कारखान्यावर. चुलत्याला लेकरू नव्हतं, भाऊ त्याला दिला. गावाला माहीत, मला माहीत, काहीच झाकलेलं नव्हतं. तो अंबाजोगाईला शाळेत गेला, मी फडात मोळ्या बांधल्या. दिवाळीला आला की त्याच्या पायात बूट. माझंच तोंड, माझाच आवाज, आणि पायात बूट. माहीत नसतं तर मी इतका जळलो नसतो. आज आम्ही बोलतो, पण धुऱ्यावर उभं राहून, कामापुरतं. मावशी, सांगितलं की सगळं गोड होतं असं समजू नका.

परभणीची मावशी:
दादा, तुमचं दोनदा वाचलं. तुम्हाला काय म्हणावं सुचत नाही. धाकटीच्या घराचे फोटो मोठीनं मोबाईलवर बघितले, त्या दिवशी ती जेवली नव्हती. मी प्रवासाचा शीण समजले होते.

लातूरचा वकील:
एक विचारतो, राग मानू नका. आता दोघी आईला शोधताहेत का?

परभणीची मावशी:
धाकटीला शोधायचंय, तिनं अर्ज लिहूनही ठेवलाय. मोठी नको म्हणते. ‘माझी आई स्वयंपाकघरात आहे,’ म्हणते. अर्ज अजून दिलेला नाही. पण साहेब, आई तर एकच आहे. एकीनं शोधली की दुसरीलाही सापडणार. मग ऐकायचं कुणाचं?

लातूरचा वकील:
मावशी, याला माझ्याकडे उत्तर नाही.