लाकडी 'फ्राइंग पॅन' लॅप स्टील बनवतोय : नालेच्या पिकअपसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या बारने वाजवतात ती सहा तारांची हवाइयन गिटार, म्हणजे लॅप स्टील, घरी बनवायला घेतली आहे. सुतारकाम बऱ्यापैकी पुढे गेलंय. अडलंय ते पिकअपपाशी (तारांच्या कंपनांचा विजेचा संकेत करणारा भाग), आणि थोडंसं तारांच्या जाडीपाशी. इथे गिटार दुरुस्त करणारे आहेत, मिरजेच्या सतारमेकरांकडे उठबस असणारे आहेत, मोटार रिवाइंडिंगचं काम केलेलेही असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नमुना समोर ठेवलाय तो रिकेनबॅकर या अमेरिकन कंपनीच्या 'फ्राइंग पॅन'चा. गोल अंग आणि सरळ लांब दांडी असल्यामुळे तिला ते नाव पडलं. बाजारात आलेली गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती (१९३२), पण तिच्या आधी १९३१ मध्ये लॉस एंजलिसला जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेवरून हॅरी वॉटसन यांनी जो पहिला नमुना कोरला तो मेपलच्या लाकडाचा होता. मला तो लाकडी नमुनाच जास्त आवडतो. शिवाय अॅल्युमिनियमला एक खोड होती : रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापला की प्रसरण पावायचा आणि लावलेल्या तारा बेसूर व्हायच्या. १९३५ मध्ये त्यांनी बेकेलाइटचं मॉडेल काढलं, त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर दिव्यांचीही गरज नाही.

लाकूड जुन्या सागवानी तुळईचं आहे. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्याने पीळ घेणार नाही याची खात्री वाटते. मेपलपेक्षा साग थोडा हलका, पण अंग भरीव असल्यावर लाकडाच्या जातीने आवाजात फार फरक पडेल असं मला वाटत नाही. तारेची दोन्ही टोकं किती घट्ट आणि जड गोष्टीवर टेकली आहेत आणि पिकअप कसा आहे, ऐंशी टक्के आवाज तिथेच ठरतो असं माझं मत आहे. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा. दांडी आखूड आणि जाड, एकाच तुकड्यातून काढलेली, त्यामुळे आत लोखंडी सळई घातलेली नाही. सागात तेल असतं, म्हणून वरची पट्टी चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून घेतले. सांधा पक्का बसलाय.

मापं अशी : नटपासून (दांडीच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत २२.५ इंच, म्हणजे ५७१.५ मिमी. या गिटारवर तार पडद्यावर दाबायची नसते, पडद्याच्या जागी नुसत्या रेघा असतात आणि बार बरोबर रेघेच्या डोक्यावर धरायचा. त्यामुळे साध्या गिटारसारखी घोडी मागेपुढे सरकवून भरपाई करावी लागत नाही, शुद्ध गणित चालतं. माझ्या रेघा नटपासून अशा आल्यात : पहिली ३२.१, दुसरी ६२.४, पाचवी १४३.४, सातवी १९०.१, बारावी २८५.८ मिमी. कुणी पडताळून पाहिलंत तर बरं होईल, कारण रेघा पितळी तारेच्या बसवायच्या आहेत आणि एकदा खाच मारली की परत नाही.

आता मुख्य प्रश्न.

मूळ पिकअपमध्ये नालेच्या आकाराचे दोन लोहचुंबक, समान ध्रुव समोरासमोर ठेवून, तारांना वरून-खालून कवेत घेतात. तारा त्यांच्या मधून जातात आणि खाली कॉइल असते, तिच्यात प्रत्येक तारेखाली एक लोखंडी खुंटी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे चुंबक दीड इंच रुंद होते, नंतरचे सव्वा इंच. त्या जुन्या पिकअपचा भरदार, गळ्यातून निघाल्यासारखा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी का अडून बसलोय ते कळेल. तसे चुंबक मला इथे मिळाले नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतले नालचुंबक पाहिले, ते फारच अरुंद आहेत.

माझ्या डोक्यात हे आहे : माइल्ड स्टीलच्या ५ मिमी जाड पट्ट्यांचा वरचा आणि खालचा पाय करायचा आणि दोन्हींच्या मध्ये, पाठीच्या जागी, फेराइटचे आयताकृती चुंबक एकावर एक रचून उभे करायचे. म्हणजे बाहेरून नाल आणि आतून फेराइट. हे चुंबक जाडीच्या दिशेने भारलेले असतात, त्यामुळे रचल्यावर वरचा पाय एका ध्रुवाचा आणि खालचा दुसऱ्या ध्रुवाचा होतो. पायांमधलं अंतर साधारण २५ मिमी लागेल. विचारायचं आहे ते हे, की एवढ्या अंतरात तारेपाशी पुरेसं क्षेत्र उरेल का? निओडिमियम टाकले तर जोर नक्की मिळेल, पण चुंबक फार जोरकस झाला की तो तारेलाच ओढतो आणि नाद लवकर विझतो. लॅप स्टीलला लांबत जाणारा नाद नसेल तर मींड घ्यायची कशावर?

कॉइलच्या तारेबद्दल एक गोष्ट इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. परदेशी माहितीत '४२ गेज' असतं ते अमेरिकन मोजमाप, म्हणजे सुमारे ०.०६३ मिमी. आपल्याकडे वाइंडिंग वायरच्या दुकानात ब्रिटिश गेज चालतं, त्यात ४२ म्हणजे ०.१ मिमी. अमेरिकन ४२ हवी असेल तर दुकानात ४६ मागायची. गंमत म्हणजे आपली ४२ ही जवळजवळ अमेरिकन ३८ होते. जाड तार घेतली तर तेवढ्याच जागेत वेढे कमी बसतात, आवाज हळू पण खुला येतो. नालेच्या पिकअपला जाड तारच शोभेल असा माझा कल आहे. कुणी ०.१ मिमीची कॉइल गुंडाळली असेल तर किती वेढे दिले आणि कॉइलचा रोध किती ओहम आला, ते कृपया सांगा.

दुसरा प्रश्न तारांचा. मला यावर भावगीतं आणि थोडं रागसंगीत वाजवायचंय. ब्रिजभूषण काबरांनी हवाइयन गिटारवर राग उभा करून दाखवला तेव्हापासून आपल्याकडे ही वाट मोकळी झाली. म्हणून सिक्स्थचं (सहावा स्वर मिसळलेलं) ट्यूनिंग न ठेवता पांढरी दोनला सा धरून खालून वर सा-प-सा-ग-प-सा लावणार आहे. वरच्या सा ला ०.०१५ इंची तार घेतली तर हिशोबाने दहा किलोच्या आसपास ताण येतो, तो छान आहे. खर्जाच्या सा ला मात्र ०.०५६ ची तार घेऊनही ताण साडेसात किलोंच्या पुढे जात नाही. २५ इंच लांबी असती तर त्याच तारेवर ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढला असता, पण दांडी आता कापून झालीय. ०.०६० ची सुटी तार वापरलेलं कुणी आहे का? बार टेकवल्यावर ती फडफडते का?

घोडीसाठी १० मिमीचा पितळी दांडा घेतोय. हाडाची घोडी करावी असं एका सतारमेकरांनी सुचवलं होतं, पण सतारीच्या रुंद घोडीवर जी जवारी काढतात ती इथे नको आहे. तार एका कडेवरून स्वच्छ सुटली पाहिजे. खाचा मारताना तारांची डोकी एका पातळीत यायला हवीत, कारण वरून सरळ बार फिरणार. त्यासाठी खर्जाची खाच वरच्या सा पेक्षा सुमारे १ मिमी खोल ठेवतोय.

भर : प्रतिसादांमध्ये दोघांनी विचारलं की तयार सिंगल कॉइल पिकअप का लावत नाही. लावता येईल, आणि आवाजही चांगला येईल. पण तारांभोवती चुंबक असणं हाच या वाद्याचा जीव आहे असं मला वाटतं, म्हणून आधी नालेसाठी जीव ओतणार. अंगातली पिकअपची खाच मुद्दाम मोठी ठेवली आहे, म्हणजे दोन्ही प्रकारच्या कॉइल बसवून ऐकता येतील.

एकांनी गुणगुण येण्याबद्दल सावध केलं, त्यांचे आभार. खाचेला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो आणि घोडी अर्थला जोडणार आहे. घरातलं अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय अँप्लिफायर लावणार नाही, कारण तारा अर्थला जोडल्या की वाजवणाऱ्याचा हात थेट त्या वाटेवर असतो.

सांगली, कोल्हापूर किंवा पुण्याकडे चुंबक भारून देणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. तसं कुणी मिळालं तर फेराइट बाजूला ठेवून पोलादी पट्टी वाकवायची आणि तीच भारून घ्यायची, अशीही तयारी आहे. त्यासाठी कुठल्या जातीचं पोलाद घ्यावं, हेही जाणकारांनी सांगावं.