लाल ढोबळी बाहेरून चकाचक, आत बुरशी! बाकीची वापरू का?

डबेवाली_ऐरोली: घरगुती डबे देते, रोजचे 22. काल वाशीच्या एपीएमसीतून पॉलिहाऊसची लाल ढोबळी आणली, 3 किलो. अशी तुकतुकीत की बोट घसरावं. सकाळी चार कापल्या. दोनमध्ये बियांच्या गोंड्यावर पांढरट-गुलाबी कापूस, आतल्या बाजूला पाणचट काळपट डाग. ना भोक, ना अळी, देठ हिरवागार. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "ताई, आतलं मला कसं दिसणार?" सासूबाई म्हणतात, तेवढं कापून टाक, फोडणीत सगळं मरतं. मुळात ही आत शिरली कुठून?

माजी_पॉलिहाऊसवाला, ठाणे: फुलातून. बहुतेक फ्युझॅरियम नावाची बुरशी. फूल उमललेलं असताना बीजाणू त्यावर बसतात, ओल मिळाली की फुलाच्या टोकातून आत उतरतात. फळ धरतं, फुगतं, आणि ही आत गपचूप बसलेली. रात्री पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकच्या छताला घाम सुटतो, थेंब फुलांवर टपकतात, त्यात सकाळी पडदे उशिरा उघडले की झालंच. फळावर मग कितीही फवारा, उपयोग शून्य. मी स्वतः क्रेटच्या क्रेट भरून पाठवलेत, काही कळलं नव्हतं. तेव्हा विक्रेत्यावर फार डाफरू नका.

लॅबमधली_ताई: सासूबाईंचं अर्धं बरोबर. फोडणीत बुरशी मरते, तिनं सोडलेलं विष राहतं. ढोबळीतल्या या बुरशीत फ्युमोनिसिन आणि बोव्हेरिसिन ही विषं सापडलीत. फ्युमोनिसिन 150 अंशांपर्यंत फारसं हलत नाही, आणि रसभाजी शिजते 100च्या आसपास. शिवाय विष डागाच्या पलीकडच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही झिरपतं, म्हणून कापूस दिसलेली ढोबळी अख्खी फेका. बाकीच्या उभ्या चिरून बघा, आत स्वच्छ असेल तर खुशाल वापरा. सुरी-पाट धुऊन घ्या. आणि एखादी फोड चुकून पोटात गेली असेल तर लगेच दवाखाना गाठायला नको.

डबेवाली_ऐरोली: सगळ्या चिरल्या. आणखी तीन निघाल्या, त्यातली एक तर नाकाशी धरली तरी वास नाही! पाचही ओल्या कचऱ्यात. पण चिरेपर्यंत साडेनऊ वाजले, म्हणून आज डब्यात कोबी गेला. सासूबाई अजून कचऱ्याच्या डब्याकडे बघून हळहळताहेत.