छोट्या लॅबला परवडेल असं फॉरेन्सिक सॉफ्टवेअर कुठलं?

तिघांचीलॅब
आम्ही तिघंच आहोत, काम बहुतेक लॅपटॉपच्या हार्डडिस्क नि पेनड्राइव्हमधून कोर्टासाठी पुरावा शोधायचं, अधूनमधून एखादा अँड्रॉइड फोन. आजवर एका पेड सॉफ्टवेअरवर भागवलं पण दरवर्षी रिन्यूअल आलं की पोटात गोळा येतो, आणि गेल्या खेपेला लायसन्स संपलं तर जुन्या केसेसही उघडेनात, नेमका त्याच आठवड्यात रिपोर्ट द्यायचा होता. आता ऑटोप्सीवर, म्हणजे डिस्क तपासायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर जायचं म्हणतोय. पण फुकटचं टूल वापरलं म्हणून उलटतपासणीत वकील सोलून काढेल का?

हॅशवाला
वकील टूल कितीला घेतलं ते विचारत नाही हो, तुम्ही ते तपासून घेतलंय का ते विचारतो. ऑटोप्सी स्लूथ किट या ओपन सोर्स टूल्सच्या संचावर उभं आहे, सोर्स कोड सगळ्यांना बघता येतो. निस्ट या अमेरिकन सरकारी संस्थेच्या सीएफरेड्स साइटवर टेस्ट इमेज, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या डिस्कच्या हुबेहूब प्रती, फुकट मिळतात, बऱ्याच इमेजमध्ये काय दडवलंय त्याची उत्तरंही दिलेली असतात, तर व्हर्जन बदललं की त्यातल्या दोनतीन चालवायच्या, काय सापडलं काय निसटलं ते तारीख टाकून लिहून ठेवायचं. आणि ज्या फाइलवर अख्खी केस उभी आहे ती दुसऱ्या टूलमधून बघितल्याशिवाय सही करू नका, हे महागडं टूल असलं तरी लागूच. वाचलेल्या पैशातून आधी हार्डवेअर राइट ब्लॉकर घ्या, म्हणजे डिस्क फक्त वाचू देणारं, तिच्यावर काही लिहू न देणारं उपकरण. मूळ डिस्कवर एक बाइट जरी लिहिला गेला तर नंतर हॅश (डेटाचा डिजिटल ठसा) जुळणार नाही, मग सॉफ्टवेअर कुठलं का असेना.

रात्रपाळी
ऑटोप्सी स्लो आहे म्हणून लोक ओरडतात, त्यातले निम्मे सगळी इन्जेस्ट मॉड्यूल्स (इमेज आत घेताना चालणाऱ्या तपासण्या) टिक करून झोपायला जातात 😄 कीवर्ड सर्च सगळ्यात जास्त वेळ खातो, तो लागेल तेव्हाच. केस फोल्डर एसएसडीवर ठेवा. एनएसआरएलचा हॅश सेट, म्हणजे निस्टची ओळखीच्या फाइल्सच्या हॅशची यादी, लावला की विंडोजच्या ओळखीच्या फाइल्स बाजूला पडतात, बघायचा ढीग बराच कमी होतो. इमेजिंगला, म्हणजे डिस्कची प्रत काढायला, एफटीके इमेजर, लिनक्सवर असाल तर गायमेजर, दोन्ही फुकट, ई०१ (फॉरेन्सिक इमेजचा फाइल फॉरमॅट) करतात. रजिस्ट्री, प्रीफेच वगैरे विंडोजच्या नोंदी वाचायला एरिक झिमरमन या तज्ज्ञाची टूल्स, त्याला तोड नाही.

तिघांचीलॅब
भारी, धन्यवाद. आणि फोनचं काय करायचं?

हॅशवाला
तिथे फुकटचं घोडं अडतं. अँड्रॉइडसाठीचं एलीप हे फुकट टूल छान आहे, पण ते फोनमधून डेटा काढत नाही, काढलेला डेटा फक्त वाचून मांडतं. लॉक असलेला, एन्क्रिप्शनवाला नवा फोन उघडायला महागडंच टूल लागतं नि तेही दर वेळी उघडेल याची खात्री नाही. एडीबी बॅकअपचं (कॉम्प्युटरला जोडून अँड्रॉइड फोनचा बॅकअप घेणं) म्हणाल तर कितीतरी अॅप्स त्यात डेटा देतच नाहीत. वर्षाला चारपाच फोन येत असतील तर तेवढं एक्स्ट्रॅक्शन (फोनमधून डेटा काढणं) मोठ्या लॅबकडून करून घ्या, कस्टडीचे (पुरावा कुणाच्या ताब्यात होता त्याचे) कागद मात्र नीट ठेवा, कुणी कधी कुणाकडे दिला सगळं.

जुनाडोंगल
मी थोडं वेगळं सांगतो. पैसे टाकायचेच असतील तर एक्स-वेज हे पेड फॉरेन्सिक सॉफ्टवेअर बघा, साध्या मशीनवरही पळतं. पण पहिला महिनाभर स्क्रीन बघून रडू येईल, शिकवणारा कुणी असेल तरच. आणि कुठलंही घ्या, सेल्सवाल्याला आधी एवढंच विचारा, रिन्यू नाही केलं तर जुनी केस उघडेल का? उत्तर लेखी घ्या.

तिघांचीलॅब
हाच प्रश्न मागच्या वेळी विचारायचा राहिला बघा. उद्या जुन्या एका केसची इमेज ऑटोप्सीत टाकतो, आधीच्या रिपोर्टशी ताडून काय निघालं ते इथेच लिहितो.