सहाच टप्पे, पण केवढे!

एकांनी लिहिलंय की १९०३च्या पहिल्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टप्पे सहाच होते, म्हणजे आजच्यापेक्षा सोपीच असणार. अहो, सहाच खरे, पण एकूण अंतर २,४२८ किमी! एकेक टप्पा सरासरी ४०० किमीचा, त्यामुळे रात्रीही सायकल हाणायची, तीही धुळीच्या खडबडीत रस्त्यांवरून. ६० जण निघाले, २१ पोचले. (आणि हा सगळा खटाटोप 'लोतो' या पेपरचा खप वाढावा म्हणून!)

मला तर १९१३च्या शर्यतीतला फ्रेंच सायकलपटू यूजेन क्रिस्तोफ आठवतो. तूर्माले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा दांडा, फोर्क) मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, हा नियम. गडी सायकल खांद्यावर टाकून दहाएक किमी चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं चिमटा सांधला. भाता एका पोरानं हलवला, म्हणून वर वेळेचा दंड!

आणि गिअरचं म्हणाल, तर डिरेलरला (चालत्या सायकलची साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारी यंत्रणा) या शर्यतीत १९३७ पर्यंत बंदीच होती. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चक्रं; चढ आला की उतरा, मागचं चाक काढा, उलटं बसवा, मग निघा.