अबोल, मितभाषी की घुमे? मानपत्रासाठी शब्द हवा आहे

कृष्णाकाठ (वाई, जि. सातारा):
आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव या महिन्याअखेर सेवानिवृत्त होत असून त्यांच्या मानपत्राचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गृहस्थ मुलखाचे अबोल. पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याचे सगळे म्हणणे ऐकून घ्यायचे, सातबारा वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि ‘मंगळवारी या’ एवढेच सांगायचे, ही त्यांची रीत. मंगळवारी काम झालेले असायचे. मी मसुद्यात ‘अबोल’ लिहिले होते. समितीतील एकाने ‘घुमे’ सुचवले, तर दुसऱ्याच्या मते ‘मितभाषी’ शोभेल. शिवाय त्यांच्या बोलण्याला ‘त्रोटक’ म्हणावे की ‘मोजके’, यावरही एकमत होत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

तासगावकर:
‘घुमे’ कृपया लिहू नये. हे सगळे शब्द कमी बोलणाऱ्यालाच लावले जात असले, तरी तो का बोलत नाही याचा निवाडा प्रत्येक शब्द आपापल्या परीने करून टाकतो. घुमा माणूस मनात काहीतरी दडवून गप्प बसतो, असा संशय त्या शब्दातच असतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘आतल्या गाठीचा’. मुखदुर्बळ माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण चारचौघांत त्याची जीभ रेटत नाही, म्हणजे ते उणेपण झाले. भिडस्ताला समोरच्याचे मन मोडवत नाही आणि म्हणून नकार देता येत नाही. सोसायटीच्या सचिवाला हे विशेषण लावले, तर सभासद आधी थकबाकीचा आकडा विचारतील! ‘अबोल’ हा शब्द स्वभाव सांगतो, दोष देत नाही, पण फारसा गौरवही करत नाही. त्याच्या शेजारी ‘अबोला धरणे’ उभे असल्यामुळे रुसव्याची किंचित छटाही येते. ‘मितभाषी’ वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे हे मान्य, तरीही बोलता येत असून बेताने बोलणारा, हा अर्थ तोच देतो, म्हणून मानपत्रात तोच ठेवावा.

माणदेशी (म्हसवड):
वरील मताशी सहमत आहे; फक्त बोलण्याविषयी थोडे लिहितो. ‘त्रोटक’ म्हणजे जेवढे सांगायला हवे होते त्यापेक्षा कमी सांगितलेले. त्रोटक माहिती ही तक्रार असते. ‘तुटक’ बोलण्यात आपुलकी नसते, समोरच्याला लवकर वाटेला लावण्याची घाई असते. ‘संक्षिप्त’ अहवालाला किंवा टिपणाला शोभते, माणसाच्या बोलण्याला नाही. ‘मोघम’ बोलणेही आखूडच असते, पण ‘बघू’, ‘होईल काहीतरी’ अशा उत्तरांतून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि कचेऱ्यांतून आपल्याला बहुधा हेच ऐकायला मिळते. ‘मोजके’ चालेल, तथापि त्यात शब्द थोडे होते एवढेच कळते. ‘मंगळवारी या’ यात वार सांगितला आहे, म्हणून ते बोलणे ‘नेमके’ ठरते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसक माणसाच्या वाणीविषयी ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ’ असे म्हटले आहे. तेथे ‘मितले’ एकटे येत नाही, खरेपणा आणि मृदुता यांच्या सोबतीने येते. तेव्हा ‘मितभाषी आणि नेमके’ अशी जोडी करावी, आणि जमल्यास ‘मंगळवारी या’ हे त्यांचे वाक्य जसेच्या तसे मानपत्रात घालावे, कारण त्यांना ओळखणारे सभासद विशेषणापेक्षा त्या वाक्याला अधिक दाद देतील.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. ‘मितभाषी आणि नेमके’ स्वीकारले. समारोपाला ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण घालावी असा आग्रह आहे. चालेल का?

तासगावकर:
म्हण सचिवांना चपखल बसते, परंतु ती त्यांची स्तुती बोलक्या माणसांना टोला मारून करते. समारंभात पहिल्या रांगेत आजी-माजी अध्यक्ष आणि दोन-तीन बोलघेवडे पाहुणे असणारच, आणि त्यांतले निम्मे त्यानंतर भाषण करणार. म्हण गाळावी.