मुलाला एल्कच्या शिकारीला जायचंय, .308 रायफलला कोणती गोळी सांगू?

केळीवाला_फैजपूर

राम राम मंडळी. मी फैजपूरचा, केळीवाला, वय 63. घरात बारा बोरची दुनळी आहे. पीकसंरक्षणाचं लायसन्स आधी वडिलांचं होतं, आता माझं. म्हणून गावात मी 'बंदूकवाला'. खरं सांगायचं तर त्या दुनळीतून काढलेले बार मोजायला दोन हातांची बोटं पुरतील, आणि तेही सगळे आभाळात, डुकरं पळवायला.

मुलगा सहा वर्षांपासून अमेरिकेत, कोलोरॅडोत आहे, फोर्ट कॉलिन्सला. ऑफिसातल्या दोघांबरोबर ऑक्टोबर अखेरीला एल्कच्या शिकारीला निघालाय. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं, पण त्याहून थोराड हरीण. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं दोन डबे दाखवले. एक 147 ग्रेन, टोकापर्यंत तांब्यानं मढवलेला, स्वस्तातला. दुसरा 180 ग्रेन, टोकाला शिसं उघडं. दुकानदार म्हणतो दोन्ही ठेवा, तिसराच घ्या. रायफल ज्याची तो मित्र म्हणतो .308 कमी पडेल, त्याहून जोरदार .300 मॅग्नम आण. आणि आमचे चिरंजीव म्हणतात, पप्पा, तुमच्याकडे बंदूक आहे, तुम्ही सांगा! अरे बाबा, मला एलजी आणि एसजी या जाड छर्‍यांच्या काडतुसांपलीकडे काही ठाऊक नाही.

सोडून दिलं असतं, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वीसेक वर्षांपूर्वी कांदेबागेत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीत, पाणी द्यायला गेलो तर पाटाच्या कडेला रानडुक्कर पडलेलं. कोणीतरी लांबून छर्‍याचा बार टाकलेला, मागचा पाय आणि पोट गेलेलं. दोन दिवस तरी तसंच फिरलं असावं, केळीची खोडं रक्तानं माखली होती. माझ्याकडे बघून उठायचा प्रयत्न करत होतं. वनखात्याला कळवलं, माणसं येईपर्यंत दुपार झाली. तोवर मी बांधावर बसून होतो. त्या वर्षी त्या चार ओळींचे घड मी स्वतः कापले नाहीत, मजुरांना सांगितलं.

तर मुलानं जाऊ नये असं मी म्हणणार नाही, तिथं कायदा आहे, परवाना आहे. पण जनावर पडायचं तर एका गोळीत पडावं. तशी गोळी कोणती, एवढंच सांगा. त्याच्या घरात तीन वर्षांची नात आहे, मांस घरीच खाणार म्हणतात. त्याचाही विचार करून सांगा.

रानवाट_धुळे

शिकारीचे सल्ले इथे? 1972 चा वन्यजीव कायदा वाचा जरा. सातपुड्यात आता सांबर दिसायला नशीब लागतं आणि तुम्ही गोळ्या निवडताय.

केळीवाला_फैजपूर

दादा, राग बरोबर आहे, पत्ता चुकलाय. यावल अभयारण्य आमच्या बागेपासून फार लांब नाही, तिथलं सांबर मलाही देवासारखं. प्रश्न अमेरिकेतला आहे.

निवृत्त_वरणगाव

अण्णा, मी वरणगावच्या काडतूस फॅक्टरीत 34 वर्षं काढली. शिकार कधी केली नाही, पण गोळी कशी बनते ते हातानं पाहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

आधी शब्द सरळ करू. तुमचा मुलगा डब्यातून काढतो ते अख्खं काडतूस. पितळी केस, तळाला टोपी, आत दारू. गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा, नळीतून जातो तो. 147 आणि 180 हे वजन त्या तुकड्याचं.

आता तो 147 वाला डबा. आमच्याकडे 7.62 ची लाइन होती, सैन्याच्या एसएलआर रायफलची. ती गोळी जवळपास हीच. तांबं नव्वद आणि जस्त दहा टक्के अशा मिश्रधातूची टोपली ओढून लांब करायची, आत शिशाचा गाभा बसवायचा, शिशात थोडं अँटिमनी घालतात म्हणजे ते कडक राहतं. टोक पूर्ण बंद. अशी गोळी अंगात शिरली की बऱ्याचदा फारशी न उमलता आरपार जाते, पेन्सिलीसारखं भोक पाडून. सैन्याला तशीच लागते, कारण फुलणाऱ्या गोळ्या लढाईत वापरायच्या नाहीत असं 1899 मध्ये हेगला ठरलं. गंमत बघा, त्या फुलणाऱ्या गोळीला जगभर 'दमदम' म्हणतात ते आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यावरून.

शिकारीत सगळं उलटं. तिथं गोळी फुललीच पाहिजे, नाहीतर तुमच्या बागेतल्या डुकराचीच गत. जनावर आरपार भोक घेऊन दोन डोंगर ओलांडून जाईल आणि तिकडे मरेल. 147 चा डबा फक्त रेंजवर सरावाला. जंगलात त्यातली एकही खिशात नको, चुकून भरली जाते.

सराफकट्टा_जळगाव

बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण 180 ग्रेन वाचून हसू आलं. जुना तोळा बरोबर 180 ग्रेनचा, 11.66 ग्रॅम. आता आम्ही दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो, पण आजोबांच्या काट्याची वजनं अजून ठेवलीत. म्हणजे तुमचा मुलगा एकेका बाराला तोळा उडवणार! शिशाचा आहे म्हणून बरं.

शहाद्याचा_पोर

काका, मी मूळचा शहाद्याचा, बारा वर्षं कोलोरॅडोत आहे. सात सीझन गेलो, तीन एल्क मिळाले, एक हातचा गेला. त्या गेलेल्याबद्दलच जास्त सांगतो, कारण तुमचा प्रश्न तोच आहे.

दुसऱ्याच वर्षी मीही तुमच्या मुलाच्या मित्रासारख्याचं ऐकून .300 विंचेस्टर मॅग्नम उसनी घेतली. धक्का .308 च्या दीडपटीच्या आसपास. सरावाच्या दहा गोळ्यांतच खांदा काळानिळा, आणि सहाव्या-सातव्या गोळीपासून ट्रिगर ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागला. त्यात गोळी घेतली लांब पल्ल्याच्या नेमबाजीची, कारण कागदावर तिची भोकं अगदी एकमेकांजवळ पडायची. कंपनीचं नाव घेत नाही, तिची चूकही नव्हती, ती गोळी त्या कामासाठी नव्हतीच. 180 यार्डांवर नर उभा होता, थोडा तिरपा. नेम फुप्फुसाचा, लागली खांद्याच्या जाड हाडावर. पातळ आवरणाची गोळी हाडावरच फुटून चूर झाली, आत पोहोचलीच नाही. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबामागं फिरलो. सकाळी पुन्हा गेलो, तर रात्री बर्फ पडून माग पुसलेला. काका, ते डुक्कर तुम्हाला आठवतं तसा तो मला आठवतो.

म्हणून माझं मत असं: रायफल बदलू नका, गोळी नीट निवडा. .308 एल्कला पुरते, 250-300 यार्डांच्या आत. मोठा नर 300 किलोच्या वर जातो, खांद्याचं हाड, चिखल, ओली कातडी सगळं भेदून गोळी फुप्फुसांपर्यंत जायला हवी, आणि तिथं फुललेलीही हवी. या दोन्ही गोष्टी एका गोळीत आणणं हीच सगळी मारामारी. मऊ असेल तर हाडावर फुटते, कडक असेल तर भोक पाडून निघून जाते. जॉन नॉस्लर नावाचा ट्रकधंद्यातला माणूस 1946 मध्ये कॅनडात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही थोराड हरणाच्या, शिकारीला गेला, चिखलानं लिंपलेल्या मूसवर त्याच्या गोळ्या वरच्या वर फुटल्या. घरी येऊन त्यानं मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा फुलतो, मागचा अर्धा भिंतीमागं शाबूत राहून आत घुसत जातो. तीच पार्टिशन, 1948 पासून विकतात, आजही एल्कला उत्तम.

तुमच्या मुलाकडचा 180 चा डबा साध्या शिशाच्या टोकाचा असावा. वाईट नाही, कितीतरी एल्क त्यावर पडलेत. पण हाड लागलं तर भरवसा कमी, आणि .308 मधून 180 जरा संथ जाते. त्यापेक्षा 165 ग्रेनची बाँडेड, म्हणजे शिसं आवरणाला चिकटवून टाकलेलं असतं ती, जास्त बरी. अ‍ॅक्युबाँड वगैरे.

पण तुम्ही नातीचं लिहिलंत, म्हणून मी त्याच्याही पुढं जाईन. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि खिम्यात मिसळून जातात. लहान मुलांना शिसं थोडंसुद्धा नको. कॅलिफोर्नियात तर 2019 पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे, तिथं मुख्य कारण कोंडोर गिधाडं, जखमी जनावराच्या आतड्यांतून त्यांच्या पोटात शिसं जायचं. अख्ख्या तांब्याची गोळी घ्यायला सांगा, बार्न्सची टीटीएसएक्स किंवा तसलीच. चार पाकळ्या उघडतात, वजन जवळजवळ सगळं टिकतं, हाड फोडून पुढं जाते. महाग आहे, बरीच महाग. पण शिकारीला एक-दोनच लागतात.

तांब्याचे दोन नखरे. ती फुलायला वेग लागतो, साधारण सेकंदाला 2,000 फुटांच्या खाली गेली की पाकळ्या नीट उघडतीलच असं नाही, म्हणून 300 यार्डांपलीकडे नकोच. आणि तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ 10 इंचाला एक फेरा असेल तर 165 चालेल. 12 ला एक असेल तर 150 वर थांबायचं. मित्राला विचारून घ्या, नळीवर कोरलेलं असतं.

आणि जी गोळी न्यायची तिच्यावरच रायफल झीरो करायची, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवायची. 147 वर झीरो करून तांब्याची भरली तर 200 यार्डांवर कुठं जाईल देव जाणे. 200 ला झीरो केली तर 300 ला वीतभर खाली पडते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. सराव बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर. टेबलावरून मारलेलं खरं नसतं.

कायद्याचं: कोलोरॅडोत एल्कला गोळी फुलणारी आणि किमान 85 ग्रेनची लागते, बोर किमान .24, 100 यार्डांवर 1,000 फूट-पाउंड जोर. .308 यात आरामात बसते. 147 चा तो डबा मात्र बेकायदा ठरतो, वरणगावचे काका म्हणाले ते कायद्यातच आहे. भगवं किंवा गुलाबी चकचकीत जाकीट आणि टोपी सक्तीची. एक महत्त्वाचं विचारून घ्या: मुलगा एच-1बी वर आहे की ग्रीन कार्डवर? एच-1बी वाल्याला तिथं बंदूक हातात धरायलाही बंदी असते. वैध शिकारीचं लायसन्स असेल तरच सूट. लायसन्सचा कागद कायम खिशात, रेंजवरसुद्धा.

धुळ्याच्या दादांना एक सांगतो. तिथं बंदूक आणि काडतुसांवर 1937 पासून कर आहे, तो पैसा मुख्यतः वन्यजीवांवर खर्च होतो. शंभर वर्षांपूर्वी कोलोरॅडोत एल्क संपत आले होते, बाहेरच्या राज्यांतून आणून सोडले. आज अमेरिकेत सर्वांत जास्त तिथंच. आपल्याकडे तसं करा असं म्हणत नाही, आपलं गणित वेगळं आहे.

निवृत्त_वरणगाव

शहाद्याच्या भो, पाकळ्यांचं नीट समजलं. पण लागल्यावर जनावर पडतं का लगेच?

शहाद्याचा_पोर

नाही काका, सिनेमासारखं नाही पडत. दोन्ही फुप्फुसं गेली तरी एल्क कधी कधी तसाच उभा राहतो, जणू काही झालंच नाही, मग पन्नास-शंभर पावलं चालून बसतो. नवखा माणूस 'चुकली' म्हणून बंदूक खाली घेतो. तो उभा आहे तोवर दुसरी मारायची. नेम पुढच्या पायाच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, तिथं आपल्या ताटाएवढी जागा असते. जनावर पाठमोरं असेल, झाडीआड असेल, वारा जोरात असेल, तर मारायचीच नाही. मी सात सीझनमध्ये तीनच आणले, त्याचं अर्धं कारण हेच.

आणि एल्क नाहीसा झाला तर अर्धा तास जागेवर बसायचं, लगेच मागं धावायचं नाही. धावलं की तो घाबरून आणखी लांब जातो.

मांसाची सीडब्ल्यूडीची तपासणी मात्र करून घ्या. हरणांच्या मेंदूचा रोग आहे, पहिल्यांदा ओळखला तो फोर्ट कॉलिन्सजवळच, 1967 मध्ये. निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायचं, नातीच्या ताटात नाही.

केळीवाला_फैजपूर

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळं वाचून दाखवलं त्याला. व्हिसा एच-1बीच आहे, लायसन्सचा फोटो मला पाठव म्हणालो, पाठवला. नळीवर पीळ 12 ला एक निघाला, म्हणून 150 ग्रेनची तांब्याची मागवतोय. 147 चा डबा रेंजवर संपवून टाक म्हणून सांगितलंय. मॅग्नमवाल्या मित्राला तुमची खांद्याची गोष्ट ऐकवली, तो गप्प बसला म्हणे.

वाचून दाखवत होतो ते हिनंही ऐकलं. मला वाटलं आता महाभारत. ती एवढंच म्हणाली, पाठीमागून मारू नको म्हणावं त्याला. मग स्वयंपाकघरात गेली. सकाळी बघतो तर पार्सलच्या डब्यात काळा मसाला भरून ठेवलाय, वर चिकटपट्टी. स्वतः हात लावणार नाही म्हणते, पण तिथल्या मसाल्यात त्याची चव उतरणार नाही असंही म्हणते.

दिवाळीला फोन आला की इथे कळवतो.